कोजागिरीच्या गाण्यातली ती

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली निवेदनाची संहिता काल जेवणं आटोपल्यावर सावकाश वाचली. बंगळूरच्या तुमच्या मंडळाने कोजागिरीच्या भावगीतांचं निवेदन तुझ्यावर सोपवलं, याचा मला फार आनंद आहे. 'भातुकलीच्या खेळामधली' या पाडगावकरांच्या गाण्याआधी तू जी चारच वाक्यं बोलला आहेस, ती मला मनापासून आवडली. जीव असे का जोडावे, या राजाच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं ते गाणंच सांगतं, आणि तूही तिथे उत्तर द्यायला गेला नाहीस. त्या भागाला हात लावू नकोस.

मी अडले ती 'तरुण आहे रात्र अजुनी'च्या आधीच्या परिच्छेदाशी. तिथे तू ती जवानाची गोष्ट घातली आहेस. लढाईत कामी आलेल्या तरुणाचं पार्थिव घरी आणलंय, नुकतं लग्न झालेली त्याची बायको रात्रभर त्याच्या उशाशी बसून त्याला विचारतेय, आणि ते ऐकून सुरेश भटांनी हे गाणं लिहिलं. मलाही ती गोष्ट बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाठवली आहे. लढाई कुठली, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. तू लिहिलंस की ही गोष्ट कळल्यापासून गाणं ऐकताना डोळ्यांत पाणी येतं, आणि म्हणून ती श्रोत्यांना सांगायलाच हवी. तुझं पाणी खरं आहे, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण श्रोत्यांसमोर उभा राहून तू गाण्याचा अर्थ सांगणार आहेस, तर आधी आपण दोघं मिळून गाण्याच्या ओळींतून ती गोष्ट निघते का ते बघू.

पहिली ओळ: रात्र अजून तरुण आहे, आणि राजसा, तू निजलास का? इथपर्यंत दोन्ही अर्थ बसतात. पण लगेच ती म्हणते, 'एवढ्यातच त्या कुशीवर तू असा वळलास का रे'. सोहम, पार्थिव कूस बदलत नाही. शेजारी पहुडलेला धडधाकट माणूस तिच्याकडे पाठ करून झोपलाय. आणि 'एवढ्यातच' म्हणजे थोड्या वेळापूर्वी तो तिच्याकडे वळलेला होता. सगळं गाणं या दोन क्षणांच्या मधल्या फटीत आहे.

जवानाची गोष्ट आत शिरते ती पुढच्या शेरातून, 'हाय तू विझलास का रे' इथून. पण ती ओळ अर्धीच ऐकली तर. तिच्या आधी ती म्हणते की आभाळातल्या चांदण्यांचे दिवे अजून विझले नाहीत, आणि मी तरी कुठे विझले? म्हणजे विझणं हे इच्छेचं विझणं आहे. तुझं विझणं मरण मानलं, तर 'मी विझले कुठे' याचा अर्थ 'मी काही मेले नाही' एवढाच उरतो, आणि इतकं सपाट वाक्य भट लिहिणार नाहीत. मी स्वतः हे गाणं किती वर्षं गाते आहे, तुला ठाऊक आहे. 'हाय'वर हंबरडा फोडल्यासारखा जोर दिला की पुढचं सगळं कोसळतं. तिथे नुसता श्वास सुटावा लागतो, तरच पुढचं कोजागिरीचं चांदणं पेलतं.

आणि कोजागिरी भटांनी काय नेमकी निवडली आहे! आश्विनातली ही पौर्णिमा म्हणजे जागायची रात्र. लक्ष्मी 'को जागर्ति' म्हणत दारोदार फिरते, सगळा गाव दूध आटवत जागा असतो, आणि त्याच रात्री हा एक झोपलाय. त्या चांदण्याला आता मी काय सांगू, असं ती विचारते. तिला चांदण्यासमोर लाज वाटते आहे, त्याच्या वतीने.

रातराणीच्या शेरावर तर मी फार रेंगाळले आहे. पश्चिमेचा गार वारा तुला विचारतोय, रातराणीच्या फुलांचा गंध तू लुटलास का? बरेच जण याचा अर्थ, रात्रीची गोडी तू घेतलीस का, असा सरळ लावतात, आणि तोही चुकीचा नाही. मला मात्र तिथे बारीकसा संशय ऐकू येतो. लुटतो तो चोर असतो. विचारणारीने स्वतःच्या तोंडाने न विचारता वाऱ्याला पुढे केलंय. हा माणूस दुसरीकडेच कुठे सुगंध घेऊन आला नाही ना, म्हणून इथे त्याला झोप लागली? हे माझं वाचन, तू ते मान्य करायलाच हवंस असं नाही. पण ओळीत त्याला जागा आहे. जवानाच्या गोष्टीला या शेरात उभं राहायलाही जागा नाही.

शेवटी ती त्याला किनाऱ्यासारखा कोरडा म्हणते. इकडे लाटा उसळताहेत आणि तू कोरडाच उरलास. देशासाठी गेलेल्या नवऱ्याला कोणती बायको कोरडा म्हणेल?

गझलेतला प्रत्येक शेर खरं तर स्वतंत्र असतो, पण ही गझल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच भाव धरून आहे. उर्दूवाले अशा गझलेला मुसलसल म्हणतात. म्हणून तिचा अर्थ एखाद्या ओळीवरून ठरत नाही, सगळ्या ओळी एकमेकींना साक्षीदार असतात. सहा वेळा 'का रे' येतं आणि एकदाही उत्तर येत नाही. त्या न आलेल्या उत्तरातच कुणाला तरी मरण दिसलं असणार, हे मी समजू शकते.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते. ही गोष्ट इतकी आवडते याचं कारण गाण्यात नाही, आपल्यात आहे. एक बाई मध्यरात्री स्वतःच्या तोंडाने सांगते की माझं अंगांग उमललंय आणि तू झोपलास. हे ऐकून आपल्याला अवघडल्यासारखं होतं. मग तिचा नवरा शहीद केला की सगळं सोपं होतं. तिची इच्छा आता विधवेचा शोक झाली, पांढरं पातळ नेसून सभेत बसवता आली. बाईच्या इच्छेला मरण सोबतीला दिलं की मगच आपण तिच्यासाठी रडायला तयार होतो. मला याचा राग येतो. भटांनी तिला जिवंत नवऱ्याशेजारी जागं ठेवलंय. तेच जास्त कठीण आहे, आणि मला वाटतं, जास्त दुःखाचंही.

अमरावतीला आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर कोजागिरी व्हायची, त्याबद्दल तू आजीकडून ऐकलं आहेस. एका वर्षी मी हे गाणं म्हणत होते. पलीकडच्या घरातल्या एक काकू दूध वाढत होत्या. दुसऱ्या शेरापाशी त्यांचा हात थांबला. डाव तशीच हातात, पातेल्यातल्या दुधावर साय धरली, वाट्या घेऊन मुलं समोर उभी, आणि काकू पाण्याच्या टाकीला टेकून ऐकत होत्या. काका भला माणूस. पगार घरात आणून द्यायचे, आवाज चढवायचे नाहीत, जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. गाणं संपल्यावर काकू मला एवढंच म्हणाल्या, "हे कुणीतरी लिहून ठेवलं, बरं झालं गं." नवरा गेलेल्या बाईकडे गाव सांत्वनाला येतं. काकूंकडे कोण येणार होतं? त्यांच्या दुःखाला तक्रार म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. तुझ्या मंडळाच्या श्रोत्यांत अशी एखादी बसलेली असेल, आणि तू माइकवरून जवानाची गोष्ट सांगितलीस, तर तिचं गाणं तिच्या देखत दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकशील.

तू विचारशील, मग भटांना हे सुचलं कुठून? कोण होती ती? हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि तो फारसा उपयोगाचा नाही. आपल्या भाषेतली विरहाची सर्वांत मोठी गाणी लिहिली कुणी? ज्ञानेश्वरांनी. लग्न न केलेला, एकविसाव्या वर्षी आळंदीला समाधी घेतलेला तो मुलगा 'घनु वाजे घुणघुणा'मध्ये बाई होऊन बोलतो. चंदनाची चोळी अंग पोळते म्हणतो, फुलांची शेज आगीसारखी लागते म्हणतो, कोकिळेलाही गप्प करा म्हणतो. आणि शेवटी 'दर्पणीं पाहतां रूप न दिसे हो आपुलें'. आरशात बघितलं तर आपलं रूपच दिसत नाही, इतकी ती त्याची होऊन गेली आहे. लताबाईंचं आणि हृदयनाथांचं हे गाणं तू लहानपणी रोज सकाळी ऐकलं आहेस. त्यात कवीचं चरित्र शोधायला गेलास तर हाती काहीच लागणार नाही. गाण्यातला 'मी' कवी वेगळा घडवतो, आणि आपण त्या 'मी'चं ऐकायचं असतं.

लढाईवर गेलेल्या शिपायाच्या बायकोचं दुःखच श्रोत्यांना ऐकवायचं असेल, तर आपल्याकडे त्याची खाण आहे. पेशवाईतल्या शाहिरांच्या विरहाच्या लावण्या बघ. मोहिमेवर गेलेल्या धन्याची वाट बघणारी बाई त्यांत उघडपणे आहे, आणि ती आपली इच्छाही लपवत नाही. तिला तिच्या नावाने बोलाव, भटांच्या नायिकेच्या जागी तिला बसवू नकोस.

याच्या उलट गफलत कवी ग्रेसांच्या 'ती गेली तेव्हा रिमझिम'ची होते, आणि तुझ्या यादीत तेही आहे म्हणून लिहिते. तू ते 'प्रेयसीच्या निरोपाचं गाणं' म्हणून मांडलंस. 'निवडुंग' चित्रपटातलं हृदयनाथांच्या आवाजातलं ते गाणं पुन्हा एकदा डोळे मिटून ऐक. दुसऱ्याच कडव्यात तो सांगतो, ती आई होती. त्यानंतर अंगणात त्याचं बालपण संपतं, आणि खिडकीवर एक धुरकट कंदील एकटा असतो. लोक पहिल्या दोन ओळींवरच पावसात भिजतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. तिथे आईचं जाणं प्रेयसीचं होतं, इथे जिवंत नवरा मेलेला होतो. दोन्हीकडे आपण आपल्या सोयीचं दुःख आणून ठेवतो.

'भय इथले संपत नाही'बद्दल मात्र तुला माझ्याकडून अर्थाची एक ओळही मिळणार नाही. त्यातला 'मी' पुरुष आहे, 'मी संध्याकाळी गातो' म्हणतो. गायल्यात लताबाई, आणि 'महाश्वेता' मालिकेमुळे घराघरांत ते एका बाईचं दुःख म्हणून पोचलं. कुणालाही ते खटकलं नाही, मलाही नाही. ग्रेसांची प्रतिमा भटांच्या शेरासारखी ओळीला ओळ लावून उलगडत नाही. सीतेच्या वनवासात अंगावर राघवाचा शेला असावा, तसा तो मंद बोल आयुष्याला स्पर्शून गेला, असं तो म्हणतो. ज्याने वनात धाडलं त्याचंच वस्त्र ऊब देतंय! यावर मी आणखी काही बोलले तर ते कमीच होईल. तिथे तूही फक्त कवीचं आणि संगीतकाराचं नाव घे आणि बाजूला हो.

आणि एक, जे तू संहितेत लिहिलेलं नाहीस पण फोनवर तुझ्या आवाजात मला ऐकू आलं. गेले काही महिने तू ही गाणी कार्यक्रमासाठीच ऐकतोयस असं मला वाटत नाही. मी विचारणार नाही, तू सांगशील तेव्हा सांग. फक्त रात्री एकटा असताना गाण्यातला 'मी' म्हणजे आपणच, आणि आपल्या बाबतीतही शेवट हाच, असं धरून बसू नकोस. कवीने त्याचा शेवट त्याच्या गझलेसाठी केलाय. आणि गाण्यातल्या 'तू'चं मत तर कुणीच विचारलेलं नसतं. त्या कूस बदललेल्या माणसाला काय झालं होतं, दमला होता, रुसला होता, की त्याचं मनच उडालं होतं, हे सहाही 'का रे'मधून आपल्याला कळत नाही. तुझ्या बाबतीतलं कळून घ्यायचं असेल तर समोरच्या माणसाला विचारावं लागेल.

आता कामाचं. त्या गाण्याआधी जास्त बोलू नकोस. शब्द सुरेश भटांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, मूळ आवाज आशाताईंचा, आणि आज कोजागिरी आहे, एवढं पुरे. फार तर म्हण, "सगळे जागे असतानाच्या रात्री एक जण झोपलाय, त्याच्याशेजारी जागणारीचं हे गाणं." यादीत 'घनु वाजे' आधी घे आणि हे त्याच्या लगेच नंतर, म्हणजे विरहिणी ऐकून कान तयार झालेले असतील. मध्ये गाणाऱ्या मुलीला तंबोरा लावायला वेळ लागणार असेल तर लावणीबद्दल दोन वाक्यं तिथे बोलता येतील. आणि लिहायला बसण्याआधी तिला विचार, तिला हे गाणं कसं दिसतं. गाणार ती आहे. तिचं म्हणणं माझ्याहून वेगळं असलं तर मला कळव, मला ऐकायचंय.

सुधारलेली संहिता रविवारपर्यंत पाठव. बाबा बरे आहेत, रोज फिरायला जातात.

तुझी,
आई