बंद झालेल्या परीक्षेचा अभ्यासक्रम शिकवल्याबद्दल तक्रार व शुल्क परताव्याची मागणी

दिनांक : १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. संचालक,
आयटी प्रशिक्षण संस्था, पुणे

विषय : ‘सिक्युरिटी प्लस’ प्रमाणपत्राच्या तयारीसाठी बाद झालेल्या आवृत्तीचा अभ्यासक्रम शिकवल्याबाबत.

महोदय,

मी नाशिकमधील एका कारखान्यात नेटवर्क सपोर्टचे काम करते. सीसीएनए हे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र मिळाल्यावर सायबर सुरक्षेकडे वळावे, या हेतूने मी सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या ऑनलाइन बॅचमध्ये कॉम्पटिया या संस्थेच्या ‘सिक्युरिटी प्लस’ या सायबर सुरक्षेच्या प्राथमिक प्रमाणपत्र परीक्षेसाठी प्रवेश घेतला व ३२,००० रुपये शुल्क एकरकमी भरले. अभ्यासक्रम ताजा असल्याचे आपल्या समुपदेशकांनी मला फोनवर सांगितले होते आणि आपल्या माहितीपत्रकातही तसे छापलेले आहे.

प्रत्यक्षात शिकवला गेला तो एसवाय०-६०१ या आवृत्तीचा अभ्यासक्रम. कॉम्पटियाने एसवाय०-७०१ ही नवी आवृत्ती ७ नोव्हेंबर २०२३ रोजी आणली आणि जुनी ६०१ ची इंग्रजी परीक्षा ३१ जुलै २०२४ रोजी बंद केली. म्हणजे आपण माझ्याकडून शुल्क घेतले तेव्हा, ज्या परीक्षेची तयारी करून घेणार होतात ती परीक्षा अस्तित्वातच नव्हती. आपण कुरिअरने पाठवलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘आवृत्ती २०२४’ असे लेबल चिकटवलेले आहे. आतल्या पानांच्या तळाशी मात्र बारीक अक्षरांत ६०१ हाच क्रमांक आहे. जानेवारीत परीक्षेची तारीख घेण्यासाठी मी ही परीक्षा घेणाऱ्या पीअरसन व्ह्यूच्या संकेतस्थळावर गेले, तेव्हा तेथे फक्त ७०१ उपलब्ध होती. त्यानंतर कॉम्पटियाने प्रसिद्ध केलेली परीक्षा उद्दिष्टांची यादी पुस्तकाशेजारी ठेवून पाहिली आणि सारा प्रकार उघड झाला.

याबद्दल विचारणा केली असता, ‘दोन्हींत फारसा फरक नाही, बेसिक तेच आहे’, असे उत्तर प्रशिक्षकांनी दिले. हे उत्तर मला मान्य नाही. ६०१ मध्ये ‘अंमलबजावणी’ या विभागाला सर्वाधिक, म्हणजे २५ टक्के भार होता. ७०१ मध्ये तो विभाग स्वतंत्रपणे उरलेलाच नाही. तेथे सर्वाधिक भार ‘सुरक्षा कामकाज’ या विभागाला, २८ टक्के आहे. जोखीम, धोरणे आणि नियमपालन यांचा भाग पूर्वी १४ टक्के होता. आता सुरक्षा कार्यक्रमाचे व्यवस्थापन व देखरेख या नावाने तो २० टक्के झाला आहे. बदल व्यवस्थापन, म्हणजे यंत्रणेतील बदल मंजुरी घेऊन नियंत्रितपणे करणे, हे आता स्वतंत्र उद्दिष्ट आहे. तसेच झिरो ट्रस्ट, म्हणजे कोणावरही आपोआप विश्वास न ठेवता प्रत्येक वेळी पडताळणी करण्याची पद्धत, यातील कंट्रोल प्लेन (प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवणारा भाग) व डेटा प्लेन (तो निर्णय अमलात आणणारा भाग) यांची सविस्तर माहिती अपेक्षित आहे. आपल्या वर्गात बदल व्यवस्थापनाचा उल्लेखही झाला नाही आणि झिरो ट्रस्ट एका स्लाइडवर आटोपले गेले. ९० मिनिटांत कमाल ९० प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यासाठी १०० ते ९०० च्या मापनात ७५० गुण, अशा परीक्षेला एवढा भाग सोडून बसा, असे कोणत्या विद्यार्थ्याला सांगता येईल?

याहून गंभीर बाब पुढची आहे. बॅचच्या शेवटच्या टप्प्यात लॅब बंद करून व्हॉट्सॲप गटावर एक पीडीएफ पाठवण्यात आली आणि ‘एवढे डंप्स पाठ करा, पेपर यातूनच येतो’, असे सांगण्यात आले. परीक्षेतून फुटलेले प्रश्न अशा रीतीने वापरणे हा प्रत्येक उमेदवाराला मान्य करावा लागणाऱ्या कॉम्पटियाच्या कराराचा भंग आहे आणि त्यापायी मिळालेले प्रमाणपत्रही रद्द होऊ शकते. ज्या कागदाच्या जोरावर नोकरी बदलायची, तोच धोक्यात घालणारा सल्ला प्रशिक्षण संस्थेने द्यावा, याचे मला अतिशय वाईट वाटले. शिवाय या परीक्षेत फायरवॉलचे नियम लावणे, लॉग (यंत्रणेतील घडामोडींच्या नोंदी) वाचून हल्ला ओळखणे अशा धर्तीचे प्रात्यक्षिक प्रश्नही असतात. पाठांतराने ते सुटत नाहीत. त्यासाठी लॅबच हवी होती आणि तिचे पैसे मी शुल्कातच भरले होते.

माझी ही विचारणा पोहोचल्यावर आपल्या कार्यालयातून फोन आला, तो दिलगिरीचा नव्हता. ‘सिक्युरिटी प्लस सोडा, आमचे सीआयएसएसपीचे पॅकेज घ्या, सवलत देतो’, असा तो प्रस्ताव होता. सीआयएसएसपी हे अनुभवी सुरक्षा तज्ज्ञांसाठीचे प्रमाणपत्र आहे. त्यासाठी सुरक्षेच्या आठपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा सवेतन अनुभव लागतो. पदवी किंवा मान्यताप्राप्त प्रमाणपत्रामुळे त्यात फार तर एका वर्षाची सूट मिळते. अनुभव नसताना परीक्षा उत्तीर्ण झाल्यास आयएससी२ ही ते प्रमाणपत्र देणारी संस्था केवळ ‘असोसिएट’ म्हणून नोंद करते. माझा बायोडाटा आपल्याकडे प्रवेशापासून आहे व मी सुरक्षा क्षेत्रात अद्याप एक दिवसही काम केलेले नाही, हे त्यात स्पष्ट दिसते. विद्यार्थ्याचा अनुभव न पाहता महागडे प्रमाणपत्र सुचवणे याला समुपदेशन म्हणता येत नाही. माझ्या बॅचमध्ये पगारातून हप्ते भरणारी, रात्रपाळी करून वर्गाला बसणारी मुले होती. त्यांच्यापैकी अनेकांना आपण बंद झालेल्या परीक्षेचा अभ्यास करत आहोत, हे अजून ठाऊकही नसेल.

म्हणून माझी मागणी अशी की, पूर्ण शुल्क १५ दिवसांच्या आत माझ्या खात्यावर परत करावे आणि माझ्या बॅचमधील सर्वांना आवृत्तीबाबत लेखी कळवून ज्यांना हवे त्यांना ७०१ चे वर्ग लॅबसह विनाशुल्क द्यावेत. डंप्सची फाइल गटावरून काढून टाकावी, तसेच माहितीपत्रकात प्रत्येक अभ्यासक्रमापुढे परीक्षेचा क्रमांक छापावा. नव्या वर्गांच्या बदल्यात परतावा टाळण्याचा प्रस्ताव मी स्वीकारणार नाही. पुढची तयारी मी अधिकृत उद्दिष्टांच्या आधारे स्वतः सुरू केली आहे.

मुदतीत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करण्याची मुभा या कायद्याने दिलेली असल्याने ती नाशिक येथेच दाखल होईल.

आपली विश्वासू,
(नाव व नोंदणी क्रमांक सोबतच्या पावतीप्रमाणे)

सोबत : शुल्काची पावती, माहितीपत्रकाची प्रत, पुस्तकाचे मुखपृष्ठ व आतील पानांची छायाचित्रे, व्हॉट्सॲप गटावरील संदेशांचे स्क्रीनशॉट.