निर्लेखित खुर्च्यांसाठी एक अर्ज

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : निर्लेखनातल्या (सरकारी नोंदीतून बाद केलेल्या) काही खुर्च्या राखून त्यांचे संग्रहालय करण्याबाबत.

महोदय,

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. खुर्चीवरचे विनोद आपल्याला रोजच ऐकावे लागत असतील, ते सोडून लाकडाबद्दल आणि वेताबद्दल लिहितो.

मार्च जवळ आला की कचेरीत जडसंग्रह नोंदवही, म्हणजे टेबल-खुर्च्यांसारख्या सामानाची वही, निघते, मोडक्या सामानाचे निर्लेखन होते आणि सागवानी खुर्च्या लिलावात जळणाच्या भावाने जातात. चंदीगडमध्ये हेच झाले. ते शहर आखणारे वास्तुकार ल कोर्बुझिए यांचे सहकारी पिएर जानरे यांनी १९५० च्या दशकात तिथल्या कचेऱ्यांसाठी केलेल्या साग-वेताच्या खुर्च्या भंगारात निघाल्या आणि पुढे पॅरिस-लंडनच्या लिलावांत त्यांना लाखांच्या बोली लागल्या. केंद्रीय गृहखात्याने २०११ साली त्यांच्या विक्रीला लगाम घातला, तोवर बऱ्याच परदेशी पोचल्या होत्या. आपल्या खुर्च्यांना तो भाव कधीच येणार नाही, म्हणून तर त्या कोणी जपूनही ठेवणार नाही.

माझ्या मनातल्या संग्रहालयात पहिला मान कारकुनी खुर्चीचा. मागच्या पायावर पांढऱ्या ऑइलपेंटने खात्याचे नाव नि नोंदवहीचा क्रमांक. पाठीची कड तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेली. वेताच्या भोकांत ढेकूण, म्हणून सुटीच्या दिवशी शिपाई साऱ्या खुर्च्या अंगणात काढून उकळते पाणी ओतायचा. वेत फाटला की नव्या वेतासाठी मागणीपत्र जाई. ते मंजूर होईपर्यंत सुतळी, मग फळी, मग घरून आणलेली उशी. ती सुतळी आणि उशीसुद्धा तशीच ठेवावी. वेत विणणारे अनेक हात अंध कारागिरांचे होते, अंधशाळांतून हे काम शिकवले जाई. त्यांच्यापैकी कोणाला बोलावून दालनातच विणायला बसवावे, योग्य मानधनावर.

शेजारी उतरंड मांडावी. साहेबांची उंच पाठीची, टॉवेल टाकलेली, हेडक्लार्कची हातांची, कारकुनाची बिनहाताची, शिपायाचे स्टूल. आणि सातबाऱ्यासाठी आलेला माणूस टेबलासमोर जिथे उभा राहायचा, तिथे काहीच ठेवू नये, नुसती पाटी लावावी.

येरवडा कारागृहाच्या सुतारकाम विभागातून सरकारी कचेऱ्यांना टेबल-खुर्च्या जातात. ज्यांना बाहेर कुठे जाता येत नाही त्यांनी केलेल्या खुर्चीवर बसून आम्ही लोकांना ‘उद्या या’ म्हणत होतो. हा भाग माझ्या मते सगळ्यात आधी उघडावा, खात्याला आवडो न आवडो.

इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्चीही हवीच. तिचे मूळ व्हिएन्नाचे. तिथले फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांच्या १८५९ च्या खुर्चीत लाकडाचे तुकडे सहा, स्क्रू दहा आणि नट दोन. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. जगभर ती जहाजाने गेली ती याच हिशेबामुळे. मंडपवाल्याची घडीची लोखंडी खुर्ची (बोट चिमटणारी) आणि पांढरी प्लास्टिकची, या दोन कोपऱ्यात असल्या तरी चालतील. त्या अजून गल्लोगल्ली आहेत.

असल्या वस्तूंचे कसले संग्रहालय, असे कोणी म्हणेल. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे जमवली आणि १९७५ साली तो सगळा ठेवा सरकारला दिला. दिल्लीत सुलभ या स्वच्छतेचे काम करणाऱ्या संस्थेने शौचालयांचे संग्रहालय १९९२ पासून चालवले आहे. जर्मनीत वाइल आम राइन गावी १९८९ मध्ये उघडलेले व्हिट्रा या फर्निचर कंपनीच्या नावाचे संग्रहालय तर खुर्च्यांच्या संग्रहावरच उभे राहिले.

इमारत नको, सल्लागार नको, निविदाही नको. एक शासन निर्णय पुरे : प्रत्येक जिल्ह्यात निर्लेखनाआधी प्रत्येक प्रकारची एक खुर्ची, तिच्या नोंदवहीतल्या पानाच्या प्रतीसह, बाजूला काढावी. ठेवायला जुन्या कचेरीची एखादी बंद खोली मिळेल. दोरी लावून ‘बसू नये’ असे मात्र लिहू नका. ज्या प्रकारच्या दोन मिळतील त्यातली एक लोकांना बसायला द्या. वेताची बैठक अंगाला कशी लागते हे काचेतून कळत नाही.

२०१२ च्या आगीत मंत्रालयाचे मजले जळाले तेव्हा फायलींची चौकशी सगळ्यांनी केली. लाकडी सामानाची कोणी केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. निर्णय मार्चअखेरच्या आत व्हावा, ही विनंती. एप्रिलमध्ये भंगारवाल्याचा टेम्पो येऊन गेलेला असतो.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून