कॅसेट द्या, एक रविवार द्या. पैशाचं नंतर बघू

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोल्हापुरात राहणाऱ्यांना आहे, आणि कोल्हापूर सोडून गेलेल्यांना जरा जास्तच आहे. भोसरीत, भांडुपात, सुरतेत, दुबईत, जिथं कुठं जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांतलं माणूस असेल त्याच्यापर्यंत ते पोचवा.

घरातल्या माळ्यावर, ट्रंकेत, नाहीतर देवघराखालच्या फळीवर एखादी जुनी कॅसेट पडलेली असेल. वर बॉलपेननं 'आण्णा', 'जत्रा', 'आईची गाणी' असलं काहीतरी लिहिलेलं, किंवा काहीच लिहिलेलं नाही. दुकानातून आणलेली नव्हे, घरी भरलेली. ती आम्हाला हवी आहे.

आम्ही शिवाजी पेठेतलं एक साधं तरुण मंडळ. तरुण हे नावापुरतं, कारण कार्यकारिणीतल्या निम्म्यांना शुगर आहे. गणपती बसवतो, शिवजयंती करतो, पुराच्या वेळी पुऱ्या-भाजी करून पोचवतो. डॉल्बीही लावलाय, तीन वर्षं, त्यामुळं कुणाला शहाणपण शिकवायला हे पत्र लिहिलेलं नाही. पण लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक या शाहिरांच्या गावात आता शिवजयंतीला पोवाडा पेन ड्राइव्हवरनं वाजतो, आणि तो बंद पडला तर पुढची ओळ मांडवातल्या एकालाही येत नाही, हे आमच्याच मांडवात झालं. तेव्हा जरा खाली बघायची वेळ आली.

खरं कारण मात्र पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांवर गेली की धोक्याची पातळी. 2019च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्या पुढं गेली. आमच्या एका सभासदाच्या घरात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चाळीसेक कॅसेट होत्या. वडील भेदिक गाण्याच्या, म्हणजे सवाल-जबाबाच्या शाहिरी गाण्याच्या, फडात झीलकरी (मागं सूर धरणारे) होते, कलगी आणि तुरा या दोन पक्षांच्या रात्र-रात्रीच्या सामन्यांत कुणीतरी टेप लावून ठेवायचं, त्या. पाणी उतरल्यावर डबा उघडला तर आत नुसता गाळ. त्यानं त्या कॅसेट नळाखाली धुतल्या आणि कडक उन्हात गच्चीवर मांडल्या. असं उन्हात वाळवायचं नसतं, हे आम्हाला नंतर कळलं. चार वाचल्या. 2024च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सगळं गाव रात्री रस्त्यावर उभं होतं, आणि उभं राहायलाच हवं होतं, शाहू महाराजांनी बांधलेलं 1915 सालचं थिएटर ते. डब्यातल्या कॅसेटसाठी रस्त्यावर कोण येणार?

त्या चार कॅसेटपासून हे काम सुरू झालं. आज आमच्याकडं 217 कॅसेट जमल्यात. पण नुसत्या जमवून काय होत नाही, हे आम्हाला एका आजींनी शिकवलं. ते जरा सविस्तर सांगतो.

भांडुपच्या एका पोरानं आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळीस सेकंदांचा तुकडा टाकला. बाई जात्यावर ओवी म्हणतेय, मागं कोंबडं ओरडतंय. आजोबा परळच्या गिरणीत होते, त्यांच्या सामानात कॅसेट मिळाली, बाई कोण ते घरात कुणालाच माहीत नाही. दोन दिवस ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी भुदरगड तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेनं लिहिलं, "आवाज आमच्या गल्लीतल्या आज्जींचा वाटतोय. अजून आहेत." निघालं असं की त्या या पोराच्या आजोबांच्या सख्ख्या बहीण. बहीण त्याच गावात दिलेली, दोघांची शेतं शेजारी-शेजारी. पुढं कधीतरी मोजणी आली आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. आजोबा वारले तरी इकडचं कुणी मुंबईला गेलं नव्हतं, आणि मुंबईच्या पोरांना आपल्याला एक आत्तीआज्जी आहे हेच ठाऊक नव्हतं.

पोरगा बायको आणि दोन लेकरं घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरला. स्टेशनसमोर चहा घेऊन आम्ही जीपनं गावाला गेलो. आज्जी ओसरीवर बसलेल्या. ब्लूटूथ स्पीकर खाली फरशीवर ठेवायला लागलो तर म्हणाल्या, "जात्यावर ठेव. खाली नगं." जातं कोपऱ्यात होतं, वर शेंगांचं पोतं. पोतं उतरवून स्पीकर जात्यावर ठेवला. गाणं सुरू झालं तशा त्यांच्या ओठांनी ते धरलं, आवाज मात्र नाही. आमच्या एका कार्यकर्त्यानं ओव्या ऐकून वहीत उतरवल्या होत्या, तो कौतुकानं वाचून दाखवायला लागला:

सांजच्या पारी कोण, काठी वाजवीत आला
माझ्या बांधावनं माझा, उंबरा ओलांडीला

आज्जींनी हात वर केला. "बांध कसा उंबरा वलांडंल रं? बंधवानं. बंधू हाय त्यो."

वहीत दुरुस्ती केली. टेप तशीच पुढं चालली होती. गाणं संपलं, बांगड्या वाजल्या, आणि एक पुरुषी आवाज खाकरून म्हणाला, "झालं का गं? बंद करू?" पोराच्या हातातला कप तसाच राहिला, आजोबांचा आवाज त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकला. आज्जी स्पीकरकडं बघून म्हणाल्या, "थांब की वाईच." मग आम्ही ते तेवढंच पाच-सहा वेळा लावलं.

त्या दिवशी दोन्ही घरं एका पंगतीला बसली असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. एका घरानं जेवायला घातलं, दुसऱ्या घरातली दोघं चहाला येऊन ओसरीच्या कडेला टेकली. पण पुढच्या दिवाळीत भांडुपची मंडळी आम्हाला न सांगताच गावी जाऊन आली.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला. आधी कॅसेट, मग ग्रुपवर तुकडा, मग ज्यांचं गाणं त्यांच्या घरच्यांना घेऊन त्या जागेवर. लोकसाहित्य जमवणारी मोठी माणसं आपल्याकडं होऊन गेली. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून गावोगावचं धन छापून काढलं. मूळचे जर्मन असलेले गुंथर सोन्थायमर धनगरांच्या मागं वाड्या-वस्त्यांवर हिंडले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. त्यांच्यापुढं आम्ही म्हणजे किस झाड की पत्ती. आम्हाला संशोधन करायचंच नाही. आम्हाला फक्त पोरगं, त्याची आज्जी आणि गाणं एका ओसरीवर आणायचं आहे.

गेल्या वर्षी अशा दोन सहली झाल्या. एक पट्टणकोडोलीला, दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत विठ्ठल-बिरदेवाची यात्रा असते तेव्हा. सहा कुटुंबं होती, पैकी चार बाहेरगावची. भंडाऱ्यानं माणूस ओळखू येत नव्हता, वरनं लोकर, खारीक, खोबरं उधळत होते. वाकडहून आलेल्या एका अकरा वर्षांच्या पोरानं कैताळ, म्हणजे झांजेसारखं वाद्य, वाजवायला मागितलं, पहिल्याच झटक्यात बोट चिमटलं, रडला, आणि परत मागितलं. रात्री एका वाड्यात ओवी ऐकली. धनगरी ओवीत आधी गाणं होतं आणि मग गायलेलं बोलून उलगडून सांगतात, त्याला सपादणी म्हणतात. पोरांना सगळी कथा कळली ती सपादणीमुळं, नाहीतर आमच्या शहरी कानांना निम्मे शब्द लागत नाहीत.

दुसरी कर्नाटकातल्या सौंदत्तीला. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातनं एस.टी. भरभरून रेणुकाभक्त जातात, ते आपल्याला नवीन नाही. दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, डोक्यावर जग, म्हणजे देवी बसवलेली टोपली, 'उदं गं आई उदं' आणि गाडीत चौंडकं. काखेत धरून ताणलेली तार छेडायची आणि दुसऱ्या हातानं ती ढिली-घट्ट करत आवाज बोलता करायचा, हे यूट्यूबवर बघून येत नाही. एका चुलत-चुलत बहिणींच्या जोडीची ओळख त्या गाडीतच झाली. दोघी कोल्हापुरातच, एक मंगळवार पेठेत आणि एक कसबा बावड्यात. परत आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला दोघींनी एकाच दुरडीतनं नैवेद्य नेला.

आता आमची चूक. पहिल्या सहलीत आम्ही वाजवणाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, फोटो काढले, वर गोड जेवण. हलगीवाले एक काका निघताना म्हणाले, "शाली किती झाल्या मोजल्या न्हाईत. चूल काय शालीवर पेटत न्हाई." लाज वाटली. त्या दिवसापासून नियम केला: वाजवणाऱ्याचं, गाणाऱ्याचं मानधन आधी पाकिटात, मग जीपचं भाडं. पैसे कमी पडले तर सहल रद्द करू, पण मानधनात हात घालायचा नाही.

तर काय काय लागणार आहे ते सांगतो.

कॅसेट सगळ्यात आधी. एक तासाची कॅसेट संगणकावर घ्यायला एक तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. डेकचं हेड स्पिरिटनं पुसायचं, अ‍ॅझिमथचा, म्हणजे हेडचा कोन जुळवायचा, बारका स्क्रू फिरवून आवाज मोकळा होईपर्यंत बसायचं. कॅसेटमधला फेल्टचा तुकडा पडला असेल तर दुसऱ्या कॅसेटमधला लावायचा. चांगल्या प्रतीत, म्हणजे 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर, एका तासाची फाइल दोन जीबीची होते. आमच्याकडं एकच डेक आहे, जुन्या बाजारातनं घेतलेला, त्याचा रबरी पट्टा दोनदा वितळला. कुणाच्या घरी चालू किंवा बंद डेक धूळ खात असेल तर द्या, बंद असला तरी सुटे भाग लागतात. कॅसेट तुमची तुम्हाला परत मिळते, सोबत पेन ड्राइव्हवर आवाज.

दुसरं, तुमचा वेळ. ग्रुपवर तुकडे येतात पण बोली ओळखणारे कान कमी पडतात. चंदगडचा बोल वेगळा, शिरोळचा वेगळा. रविवारी रात्री नऊला तासभर व्हिडिओ कॉल असतो, त्यात पाच-सहा तुकडे ऐकतो आणि तीनच गोष्टी विचारतो: कोण, कुठलं, कधीचं. घरातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसाला शेजारी बसवून या, तुम्ही एकटे आलात तर आमचा फार उपयोग नाही. ग्रुपवर 'शुभ सकाळ' टाकणाऱ्याला एकदा समज दिली जाते, दुसऱ्यांदा काढलं जातं. यावरून दोन जावई दुखावलेत, इलाज नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. घरच्यांनी होय म्हटल्याशिवाय आम्ही काहीही सगळ्यांसाठी उघडं करत नाही. जात्यावरच्या ओवीत सासूचं, नणंदेचं, दारुड्या नवऱ्याचं सगळं येतं. ती बाई ते जात्याला सांगत होती, आख्ख्या जगाला नव्हे. काही कॅसेट आम्ही नुसत्या उतरवून घरच्यांच्या हवाली केल्यात, आमच्याकडं प्रतसुद्धा ठेवलेली नाही.

तिसरं, गावाकडची घरं. सहलीत मुक्काम लॉजवर केला की सगळी मजा जाते. भुदरगड, आजरा, शाहूवाडी, पन्हाळा या भागात ज्यांची घरं वर्षातले दहा महिने बंद असतात त्यांनी दोन रात्रींसाठी किल्ली दिली तर झाडलोट आमच्याकडं. जेवण आम्ही करू. पांढरा-तांबडा रस्सा करणारे दोघं मंडळात आहेत.

आणि पैसे. यंदा तीन सहली करायच्या आहेत: जोतिबाची चैत्र यात्रा, पट्टणकोडोली आणि सौंदत्ती. एका सहलीला 38 हजारांच्या आसपास जातात, त्यातले 12 हजार मानधनाचे. शिवाय दोन हार्ड डिस्क, एक कोल्हापुरात आणि एक पुण्यात ठेवायला, कारण पंचगंगेचा भरवसा नाही. सगळं मिळून दीड लाखाला टेकतं. हातात 42 हजार आहेत. शंभर रुपयांचीही पावती मिळेल. 80जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलत आमच्याकडं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. हिशेब दर महिन्याला मंडळाच्या फलकावर खडूनं लिहिलेला असतो, फोटो ग्रुपवर येतो. वाढदिवसाला बॅनर लावणाऱ्यांना एक सुचवतो: एका बॅनरच्या खर्चात चौंडकेवाल्याचं एका रात्रीचं मानधन निघतं. विचार करा, राग मानू नका.

बाहेरगावच्यांनी कॅसेट कुरिअरनं पाठवू नयेत, गावाकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हातानं पाठवाव्यात. आणि काही झालं तरी, आम्हाला दाखवण्याआधी घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून 'चालते का' बघू नका. फीत अडकली की आत गुंडाळली जाते आणि ताणली गेली की आवाज गेला. पाण्यात भिजलेली असेल तर ऊन दाखवू नका, पुसू नका, आहे तशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा.

आपले,
कार्यकारिणी आणि सर्व सभासद

ता.क. मंडळाची खोली रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडी असते. कुलूप दिसलं तर किल्ली समोरच्या चहाच्या गाड्यावर आहे, कॅसेट द्यायला आलोय म्हणून सांगा. ते चहाचे पैसे घेत नाहीत.