‘सर्व अ‍ॅक्रिलिक रंगांसाठी’ म्हणून विकलेल्या थिनरबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या थिनरमुळे आपल्याच कंपनीचा रंग फाटल्याबाबत.

महोदय,

मी सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि गेली अकरा वर्षे प्लास्टिकची स्केल मॉडेल्स जोडून एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या उपकरणाने) रंगवतो. गेल्या महिन्यात मी आपल्याकडून पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक रंगांच्या सहा बाटल्या आणि आपलेच थिनर (रंग पातळ करण्याचे द्रावण) मागवले. थिनरच्या लेबलवर ‘सर्व अ‍ॅक्रिलिक रंगांसाठी’ एवढेच छापलेले असून, त्यात काय आहे आणि ते किती घालावे याचा कोठेही उल्लेख नाही.

‘मारुत’ या १९६१ साली प्रथम उडालेल्या भारतीय लढाऊ विमानाचे १:७२ प्रमाणातील मॉडेल मी रंगवायला घेतले होते. दोन भाग करड्या रंगात एक भाग थिनर मिसळून, ०.३ मिमी नोझलमधून १८ पीएसआय दाबाने फवारणी सुरू केली, तेव्हा मिनिटभरातच फवारा अडखळू लागला. एअरब्रशच्या रंगाच्या कपात पाहिले, तर रंग नासलेल्या दुधासारखा फाटून त्याचे बारीक कण झाले होते. तेच कण पंखाच्या खालच्या बाजूवर उडून पॅनेलच्या रेषांत बसले आणि तुंबलेले नोझल साफ करताना एअरब्रशमधील सुईचे टोक वाकले.

आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर सांगितले की, सांगलीच्या उन्हाळ्यात रंग सुईवर वाळला असेल, म्हणून थिनर वाढवावे. सुईच्या टोकावर रंग वाळतो हे खरे आहे आणि त्यासाठी मी रंगात रिटार्डरचे (रंग वाळण्याचा वेग कमी करणाऱ्या द्रवाचे) थेंब घालतो, शिवाय अधूनमधून ओल्या कुंचल्याने टोक पुसतो. परंतु तेव्हा खपली टोकावर धरते, कपातल्या रंगाचे कण होत नाहीत. तरीही सांगितल्याप्रमाणे थिनर वाढवून पाहिले आणि रंग अधिकच फाटला. दूध नासल्यावर आणखी लिंबू पिळायला सांगावे, तसा हा सल्ला झाला.

त्यानंतर मी पांढऱ्या टाइलवर तीन नमुने केले. आपला रंग डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकजीव राहिला, आपल्या थिनरमध्ये अर्ध्या मिनिटात त्याचे कण झाले, आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारा दुसऱ्या कंपनीचा अ‍ॅक्रिलिक रंग मात्र त्याच थिनरमध्ये छान मिसळला. थिनरला सॅनिटायझरसारखा वासही येतो. पाण्यावरच्या रंगात रेझिनचे (रंगाचा थर धरून ठेवणाऱ्या घटकाचे) सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. तीव्र अल्कोहोल पडले की काही रंगांत ते एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतात. म्हणजे दोष रंगाचा नसून लेबलवरील ‘सर्व’ या शब्दाचा आहे. पाणी आणि फ्लो इम्प्रूव्हरचा (रंग सहज वाहावा म्हणून घालायच्या द्रवाचा) एक थेंब घातल्यावर आपला रंग उत्तम बसतो, हेही नमूद करतो. थिनरचा उपयोग झाला तो पंखावरचा फसलेला रंग पुसून काढण्यासाठी!

तरी थिनरची किंमत आणि नवीन सुईचा खर्च मला १५ दिवसांत परत करावा. तसेच हे थिनर कोणत्या रंगांसाठी आहे व कोणत्या रंगांसाठी नाही, हे लेबलवर स्पष्ट छापावे. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मला सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. थिनरची उरलेली बाटली तपासणीसाठी जपून ठेवली आहे.

आपला ग्राहक,
विश्रामबाग, सांगली

सोबत : खरेदीची पावती, लेबलचे व तिन्ही नमुन्यांचे छायाचित्र.