दुकान बंद होताना माल भंगारात जाऊ देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या स्टेशनजवळचं कॅसेट-सीडीचं दुकान गेल्या महिन्यात बंद झालं. यात बातमी होण्यासारखं काही नाही हे मला कळतं, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, चाळीसच्या दशकापासूनचं, एवढं नाव असलेलं, ते 2016 च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं तिथे आमच्या दहा बाय दहाच्या गाळ्याचं काय. पण शेवटच्या आठवड्यात मी गेले तेव्हा दुकानवाल्या काकांनी उरलेला सगळा माल गोण्यांत भरून ठेवला होता आणि भंगारवाला तो किलोवर नेणार होता. ते बघून मला राहवलं नाही.

मी 63 कॅसेट घरी आणल्या. काका पैसे घेईनात, बळेच दिले. मग तीन रविवार बसून एकेक नाव यूट्यूबवर आणि गाण्यांच्या ॲपवर शोधलं. मोठ्या कंपन्यांचं, मोठ्या गायकांचं सगळं मिळालं, त्याची मला काळजीच नव्हती. पण भारूड, गोंधळ, आगरी लग्नातले धवले, शाहिरी, गावोगावच्या कीर्तनकारांची कीर्तनं, जुनी भीमगीतं, यातल्या 19 कॅसेट कुठेच नाहीत. गायकाच्या नावाने शोधा, कंपनीच्या नावाने शोधा, काही नाही. आणि कव्हरच्या आतल्या कागदावर ढोलकी कोणाची, कोरसला कोण, पेटीवर कोण, सगळी नावं छापलेली आहेत. ॲपवर जी गाणी सापडली त्यांच्यातही ढोलकीवाल्याचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच.

असं का झालं ते जरा सांगते. रेकॉर्डच्या जमान्यात कोणाचं गाणं छापायचं ते कंपनी ठरवायची, एचएमव्हीचा कारखाना तिकडे कलकत्त्याजवळ डमडमला, 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी असली तर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. लग्नात धवले म्हणणाऱ्या धवलारीण बाईला तिथे कोण विचारणार? ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि चित्रच बदललं, एखाद्या लहान स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिंग करायचं, पाच-सातशे कॉप्या काढायच्या आणि जत्रेत, एसटी स्टँडवर, आमच्या काकांसारख्यांच्या दुकानात ठेवायच्या. ज्यांना कधी कोणी माईकसमोर उभं केलं नव्हतं त्यांचा आवाज पहिल्यांदा टिकला तो असा. पुढे त्यातल्या बऱ्याच छोट्या कंपन्या बंद पडल्या, मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कुठे गेल्या कोणाला माहीत नाही. म्हणजे दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलेली कॅसेट हीच कित्येकदा शेवटची कॉपी, आणि तीच आपण किलोवर विकतोय.

काकांनी दुकान टिकवायला काय काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी लोक यादी घेऊन यायचे आणि काका कोरी कॅसेट भरून द्यायचे, 60 मिनिटांची की 90 ची एवढंच विचारायचे. मग सीडी आल्या. मग एक दिवस पाटी लागली, मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील. कायद्याने हे चूकच होतं, मी त्याचं समर्थन करत नाही, पण धंदा त्यावरच तगला. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा फुकट झाला आणि ती पाटीही उतरली. नंतर दोन-तीन वर्षं सारेगामाचं कारवाँ विकलं, पाच हजार गाणी आधीच भरलेला तो रेडिओसारखा डबा, मुलं आईवडिलांसाठी घेऊन जायची. मग तेही थंडावलं.

रेकॉर्डची दुकानं मात्र परत उघडतायत. माहीमला रिव्हॉल्व्हर क्लब आहे, तरुण मुलं दोन-दोन तीन-तीन हजार देऊन नवी एलपी घेतात, मला मनापासून आनंद होतो. पण त्या एलपीत आमचा गोंधळी नसतो. खरं टिकलेलं दुकान बघायचं तर 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जा, नाहीतर नागपूरला दीक्षाभूमीवर. पुस्तकांच्या शेजारीच गाण्यांचे स्टॉल, आधी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, आता पेनड्राइव्ह. भीमगीतं लिहिणाऱ्या-गाणाऱ्या वामनदादा कर्डकांची गाणी नेणारी माणसं तिथे पिढ्यानपिढ्या येतायत, कारण ते गाणं त्यांच्यासाठी नुसतं गाणं नाहीच. पंढरपूर-आळंदीलाही अभंग-कीर्तनाचा माल अजून खपतो. जिथे माणसं पायाने चालत येतात तिथे गाण्याचं दुकान जगलं असं मला दिसतं.

आता मागणं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे, वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. त्यात कॅसेट-सीडी घ्यायला स्पष्ट जागा द्या. गावातलं असं दुकान बंद होत असेल तर निदान तालुक्याच्या वाचनालयाने जाऊन माल बघावा, नावं लिहून काढावीत, जे दुर्मीळ वाटेल ते विकत घ्यावं, किंमत भंगाराच्या भावापेक्षा फार जास्त नसते. हे अशक्य नाही. 78 च्या तबकड्यांसाठी मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, सुरेश चांदवणकरांसारख्यांनी त्यात आयुष्याची वर्षं घातली, म्हणून नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांची आज नीट माहिती मिळते. कॅसेटच्या वाट्याला असं कोणी आल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आणि वेळ फार नाही, आपल्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते, तीही बहुतेक टेप आता तीस-चाळीस वर्षांची आहे.

शेवटच्या दिवशी मी दुकानात असताना एक कॉलेजातली मुलगी आली, आजीच्या धवल्यांची कॅसेट शोधत होती. आजी आता नाही. काकांनी दोन गोण्या उपसल्या, सापडली. तिच्या घरी टेपरेकॉर्डर नाही, म्हणून ती माझ्याकडे येऊन ऐकून गेली, फोनवर रेकॉर्ड करून घेतली, दुसऱ्या बाजूला मधेच आवाज घुमतो तरी पूर्ण ऐकली.

माझ्याकडच्या 63 कॅसेट मी कुठल्याही वाचनालयाला द्यायला तयार आहे, फक्त तिथे चालू डेक हवा आणि ऐकायला येणाऱ्याला बसायला खुर्ची.

आपली,
एक वाचक, डोंबिवली