फॉस्टर घरांतल्या मुलांसाठी नृत्य-हालचाल उपचार सुरू करा

मा. महिला व बाल विकास मंत्री,
गोवा सरकार, पणजी

महोदय,

मी डिचोलीत मुलांना नाच शिकवते. बालकल्याण समिती ज्या मुलांना फॉस्टर कुटुंबात, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या कुटुंबात पाठवते, त्यांच्यासाठी हे पत्र.

2015 च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम 44 मुळे अशा मुलांना संस्थेऐवजी घर मिळू शकतं. पण ज्याने मारझोड सोसली, त्याचं अंग नव्या घरातही सावधच राहतं. दार जोरात लागलं की खांदे वर, कुणी जवळ आलं की अंग चोरणं. 'काय होतंय?' विचारलं तर मूल गप्प. सांगायचं कसं, हेच त्याला उमगत नाही.

नृत्य-हालचाल उपचार म्हणजे शब्दांऐवजी हालचालींतून मनावर केलेला उपचार. त्यात स्टेप्स शिकवत नाहीत. मूल जसा हात हलवेल तसा मोठ्या माणसाने हलवायचा, ते थांबलं की थांबायचं. किती जवळ यायचं तेही मूलच ठरवतं. आजवर त्याच्याबद्दलचं सगळं इतरांनीच ठरवलेलं असतं, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. ह्या सत्रांना फॉस्टर आईबाबा हवेतच. मुलाला राहायचंय त्यांच्याबरोबर.

कोलकाता संवेद ही संस्था 2004 पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर हे काम करते आहे. आपल्याकडे तर गोफ आहे! रंगीत दोऱ्या विणताना शेजाऱ्याची चाल बघावीच लागते, मग उलटं नाचत वीण सोडवायची. मूल थोडं रुळलं की गोफ जरूर घ्यावा. फुगडी मात्र घाईने नको, तिच्यात हात घट्ट धरावे लागतात. ढोल-ताशेही नकोत, मोठ्या आवाजाने काही मुलं दचकतात.

प्रत्येक जिल्हा बाल संरक्षण कक्षात प्रशिक्षित थेरपिस्ट नेमा. मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात ही सत्रं लिहा. रवींद्र भवनांत त्यासाठी खोली राखून ठेवा. बांबोळीच्या मनोविकार संस्थेतले डॉक्टर सोबत हवेत, कारण ह्याने औषध किंवा समुपदेशन टळत नाही. आणि आम्हा नृत्यशिक्षकांनाच हे काम सोपवून मोकळे होऊ नका. त्याचं शिक्षण वेगळं असतं.

एक कळकळीची विनंती: ह्या मुलांना बालदिनाच्या स्टेजवर नाचवू नका. त्यांची ओळख माध्यमांत उघड करणं कलम 74 खाली गुन्हा आहे, आणि कार्यक्रम म्हटला की फोटो आलेच. टाळ्यांसाठी बसवलेल्या नाचात मुलाला 'नको' म्हणायची सोय नसते. उपचारात ती पहिली सोय आहे.

येत्या अर्थसंकल्पात ह्यासाठी तरतूद करावी.

आपली,
डिचोलीची एक नृत्यशिक्षिका