आई-बाबा, गाडी बघून आले

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई एकदम गप्प झाली, बाबा तुम्ही फक्त "रंग बघून गाडी घेऊ नकोस" एवढंच म्हणालात आणि तेवढ्यात लाईन कट झाली. तेव्हापासून ते वाक्य डोक्यात फिरतंय, म्हणून आज नीट बसून लिहितेय. आई, आधी तुझ्यासाठी सांगते, अजून एक डॉलरही दिलेला नाही. टोकनसुद्धा नाही.

गाडी आहे 1968 ची पाँटियाक जीटीओ. बाबांना आठवत असेल, तुम्ही दोघं इथे अमेरिकेत मिशिगनला आला होतात तेव्हा ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आपण वुडवर्ड अव्हेन्यूवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलो होतो, ड्रीम क्रूझ म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक बघायला. एक हिरवी गाडी सिग्नलला थांबली आणि बाबा तुम्ही खुर्चीतून उठून अगदी फुटपाथच्या कडेला जाऊन उभे राहिलात, ती निघून गेली तरी तिथेच उभे होतात. ती जीटीओ होती. मी तेव्हा काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतेय. म्हणजे हे खूळ कालपरवाचं नाही.

आई विचारत होतीस की हिच्यात एवढं काय आहे. त्या काळी जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जनरल मोटर्सच्याच पाँटियाकमध्ये जॉन डिलोरियन चीफ इंजिनिअर होते, त्यांच्या टीमने 1964 च्या टेम्पेस्ट लेमान्स या मध्यम आकाराच्या गाडीत 389 क्युबिक इंचाचं इंजिन नुसतं ऑप्शन म्हणून देऊ केलं, म्हणजे नियमही मोडला नाही आणि जीटीओही झाली, आणि लोक अक्षरशः तुटून पडले. 1968 मध्ये ते इंजिन 400 क्युबिक इंच झालं होतं, म्हणजे 6.6 लिटर. बाबा, तुमच्या डेपोतल्या बसच्या टाटा '697' मॉडेलच्या इंजिनापेक्षा मोठं, आणि ते पेट्रोलवर, घरच्या गाडीत! आता ती कंपनीच राहिली नाही, 2010 मध्ये पाँटियाक बंद झाली, म्हणून ज्या गाड्या उरल्यात त्या नीट सांभाळणाऱ्या माणसाकडे जायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

मी दोन गाड्या बघितल्या. पहिली लालभडक, क्रोम असं चकाकत होतं की डोळे दिपावेत, मालक म्हणाला पूर्ण रिस्टोअर केलीय, जीटीओ आहे. मी हातसुद्धा लावला नाही, नुसती काचेतून डॅशबोर्डवरची नंबराची पट्टी वाचली. 1968 पासून ती पट्टी बाहेरून दिसते. त्या वर्षीच्या खऱ्या जीटीओचा नंबर 242 ने सुरू होतो, हिचा 237 ने होत होता, म्हणजे मुळात ती साधी लेमान्स, वरून जीटीओचे बॅज आणि बॉनेट लावलेली. अशीही गाडी कोणी आवडीने बनवली तर त्यात वाईट काही नाही, पण खरी म्हणून विकणं ही फसवणूक आहे आणि मला त्याचा खूप राग आला. दहा मिनिटांत तिथून निघाले.

दुसरी लान्सिंगच्या पलीकडे एका रिटायर्ड गृहस्थांकडे आहे. हिरवी, कारखान्यातून निघाली तेव्हाही हिरवीच. हे मी त्यांच्या सांगण्यावरून म्हणत नाहीये. पाँटियाकच्या मूळ बिलांची नोंद पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे आहे, नंबर दिला की ते त्या गाडीच्या कागदांची कॉपी देतात. मी आधीच मागवली होती. त्यात रंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सगळं लिहिलंय आणि समोर उभी असलेली गाडी त्याला जुळते. फक्त इंजिन जुळत नाही. ब्लॉकवर गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे कोरलेले असतात, ते वेगळे आहेत, म्हणजे इंजिन दुसऱ्या गाडीतलं. त्या काकांनी हे स्वतःहून सांगितलं होतं, म्हणून मला त्याचं वाईट वाटलं नाही. संग्राहकांना मूळ इंजिनच लागतं आणि त्यामुळे किंमत उतरते, पण मी ही गाडी चालवायला घेतेय, कपाटात ठेवायला नाही. इंजिन परत बांधता येतं. पत्रा आणि चेसिस सडली तर मात्र पैसा नुसता ओतत राहायचा, हे तुमच्याकडूनच ऐकत मोठी झालेय.

म्हणून सगळा जीव पत्र्यावर लावला. आई रागवू नकोस, तू पंढरपूरहून आणलेला तो पातळ रबरी मॅग्नेट, फ्रीजवरचा विठोबा, तो मऊ फडक्यात धरून मी अख्ख्या गाडीवर फिरवला. भारी मॅग्नेट लांबीवरून, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायच्या पुट्टीवरूनसुद्धा, आतल्या पत्र्याला ओढून चिकटतो, हा हलका मात्र आत लांबी असेल तर लगेच कळवतो. दरवाजे, बॉनेट, पुढचे मडगार्ड, सगळीकडे टच्चकन चिकटत होता. पुढचा बंपर एंड्युराचा असतो, रबरासारखा आणि गाडीच्याच रंगाचा, त्यामुळे तिथे लावून उपयोग नव्हता. आणि डाव्या मागच्या चाकाच्या पाठीमागे, खालच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत हात काढला की मॅग्नेट खाली पडायचा. तीनदा लावला, तीनदा पडला. मग रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं, बाकी अंगावर 200 ते 250 मायक्रॉन आणि तिथे 1,100. म्हणजे आत चांगली जाड लांबी भरलीय. वरून बोट फिरवलं तर काही म्हणजे काही कळत नाही, एवढं सुंदर पेंटिंग.

काकांकडे रिस्टोरेशनच्या फोटोंचा अल्बम आहे, त्यात खालचा पत्रा आणि डिकीचा पत्रा नवीन टाकल्याचे फोटो आहेत, पण त्या कोपऱ्याचा एकही नाही. विचारलं तर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले तेव्हा पैसे संपले होते. मला त्यांचं ते बोलणं खरं वाटलं. पण किंमत त्यांनी 44 हजार डॉलर सांगितलीय आणि त्या कोपऱ्याचा पत्रा कापून नवीन वेल्ड करायचा खर्च मी त्यातून वजा करणार.

मग पुठ्ठा टाकून टॉर्च घेऊन गाडीखाली झोपले. हिची चेसिस वेगळी आणि बॉडी वर बसवलेली, आपल्या बससारखीच. मागच्या ॲक्सलच्या पुढेमागे चेसिस सगळ्यात आधी सडते म्हणे, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोकत गेले. ठणठणीत आवाज! डिकीत गालिचा उचलून बघितला, कोरडी. टायर वरून नवेकोरे दिसतात पण त्यावर 2311 लिहिलंय, म्हणजे 2011 सालच्या 23 व्या आठवड्यातले, ते घेतल्या घेतल्या बदलायचे. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत, पुढे डिस्क बसवून घेईन, आई हे तुझ्यासाठी पहिलं काम. रोज ऑफिसला ही गाडी नाही नेणार. मिशिगनमध्ये 26 वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला वेगळी ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते, तिच्यावर प्रदर्शनांना वगैरे नेता येते आणि ऑगस्ट महिनाभर कुठेही फिरवता येते. मला तेवढं पुरे.

एकच गोष्ट राहिली आणि त्यासाठीच हे पत्र. मी पोहोचले तेव्हा बॉनेट उघडून रेडिएटरच्या पाईपला हात लावला तर पाईप गरम होता. म्हणजे मी यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली होती. कदाचित सहजच केली असेल, पण पहाटे पाचला गार बस चालू करताना तुम्ही कसे मान वाकडी करून ऐकत उभे राहायचात ते मी लहानपणी बघितलंय. गार इंजिनात व्हॉल्व्हचे टॅपेट किती वेळ वाजतात, पहिला धूर निळा आहे का, हे गरम इंजिनात कळत नाही. काकांना सांगितलंय, शनिवारी मी येईपर्यंत किल्ली फिरवायची नाही. ते हो म्हणाले.

तर बाबा, शनिवारी आमच्या सकाळी 8 ला, म्हणजे तुमच्या संध्याकाळी साडेपाचला मी व्हिडिओ कॉल करेन. फोन इंजिनाजवळ धरेन, मग सायलेन्सरच्या मागे. फोनवर आवाज थोडा बारीक येईल, म्हणून टीव्ही बंद ठेवा, आणि तुमचं कानाचं मशीन सेल बदलून तयार ठेवा. आई, तू शेजारी बस, धुराचा रंग तू बघ, तुझी नजर चांगली आहे. दोघांपैकी कोणीही नको म्हणालं तर मी तिथूनच परत येईन, काकांना तसं आधीच सांगून ठेवलंय.

बाबांची बीपीची गोळी चालू आहे ना? गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर ते कळवा.

तुमची,
मनू